अब्बांच्या हाताबाहेरचं दुखणं

गेल्या महिन्यात नणंदेच्या मुलीचा, यास्मीनचा, पुण्याहून फोन आला. बरेच दिवस तिचं सगळं अंग दुखतंय. तपासण्या करून करून शेवटी डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया असं नाव सांगितलं. ते नाव मला नवं नव्हतं. पुढं ती म्हणाली, "मामी, इथं एक कायरोप्रॅक्टर आहेत. मणके मोकळे करून देतात. कट्कन आवाज येतो आणि हलकं वाटतं म्हणे. जाऊ का? तुमच्या अब्बांचं तेच काम होतं ना?"

मी म्हटलं, "थांब, फोनवर सांगण्यासारखं नाही ते. लिहिते."

तिच्यासाठी लिहायला बसले, आणि वाटलं, तिच्यासारख्या आणखीही कुणाला उपयोग होईल. हाच आजार मला झाला तेव्हा आमच्या मुरुम गावात त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. आणि मणके मोकळे करणाऱ्या हातांखाली मी दोन वर्षं झोपले. ते हात माझ्या बापाचे होते.

वस्ताद

माझे अब्बा, मौलासाब वस्ताद, तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. पण तालुक्यात त्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. कुणाला उसण भरली, कुणाची कंबर धरली, कुणी गाडीवरून पडून वाकडा झाला, की लोक म्हणायचे, वस्तादाकडं न्या. कर्नाटकाच्या हद्दीपलीकडून कानडी माणसं कण्हत यायची. अब्बा माणसाला खाली बसवायचे, दोन्ही हात मानेमागं गुंफायला लावायचे, त्याच्या पाठीला आपला गुडघा टेकवायचे आणि विचारायचे, "औंदा ज्वारी कशी हाय तुमच्याकडं?" तो उत्तर द्यायला लागला की मध्येच एक झटका. कट्ट आवाज व्हायचा. माणूस आधी ओरडायचा, मग चाचपून बघायचा, मग हसायचा.

त्यांचे काही नेम होते. पाय बधिर पडलेत, लघवीवर ताबा नाही असं कुणी म्हटलं, तर ते हात लावायचे नाहीत. "उमरग्याला डॉक्टरकडं जावा, आजच जावा" म्हणायचे. पोटुशी बाईला हात नाही. मान तर शक्यतो धरायचीच नाही. बायका आल्या तर तालमीत नाही, आमच्या घरात, अंगावर चादर टाकून, आणि शेजारी माझी अम्मी बसलेली असली तरच. अम्मी गेल्यावर ती जागा माझ्याकडं आली.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात खडी फोडायला आणि तलावाची माती वाहायला गेलेल्या बायका कामावरून सुटल्या की सरळ आमच्या दारात यायच्या. त्या वर्षी तालीम बंद पडली होती, कारण कसरत करून भूक वाढवायची हौस कुणालाच नव्हती. अब्बा स्वतः रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, लाल भाकरीवर होते, गालफडं बसली होती. पण एकाही बाईला त्यांनी "उद्या ये" म्हटलं नाही. मी चादर धरून बसायचे. वाकत आलेली बाई ताठ होऊन घरी जायची, आणि मला वाटायचं, हा माझा बाप आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढं मला दुखणं आलं तेव्हा सुरुवातीला मी घाबरलेच नाही. ज्या माणसाकडं सगळा तालुका यायचा, तो माझ्या माहेरी बसलेला होता.

फोटोत काही नाही

लग्न गावातच झालं, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. माझे मालक रशीद साखर कारखान्यात फिटर होते. मी शिवणाचा कोर्स केला होता. दुष्काळ सरल्यावर गावातल्या बायकांनी शिवणकामाची सहकारी संस्था काढली. शाळांचे गणवेश शिवायचे. माझी शाळेतली मैत्रीण सुमन कांबळे संस्थेची चेअरमन झाली आणि मी सेक्रेटरी. बौद्धांची, मुसलमानांची, लिंगायतांची, मराठ्यांची, सगळ्या घरच्या बायका एका पत्र्याच्या खोलीत मशिनी चालवायच्या. तालुक्याच्या गावाहून लोक आम्हाला बघायला यायचे.

धाकट्याचं बाळंतपण झालं, मागोमाग टायफॉइड झाला. ताप उतरला, अंगदुखी उतरली नाही.

हे दुखणं सांगायला शब्द सापडत नाही, हेच त्याचं पहिलं दुखणं. आज खांदे, उद्या मांड्या, परवा जबडा. कुणी काठीनं बडवून काढावं तसं अंग. रात्रभर झोपून उठावं आणि पाठ टेकलीच नव्हती असं वाटावं. लेकरू मांडीवर येऊन बसलं तर डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पोर माझ्या तोंडाकडं बघून खाली उतरायचं. त्याचं ते उतरणं मला आजही आठवतं. बांगड्या टोचायच्या म्हणून काढून ठेवल्या, तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "नवरा जिता हाय ना तुझा? आदी घाल त्या!"

उमरग्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाठीचा फोटो काढला. "सगळं नॉर्मल आहे. अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या." चांगली बातमी होती ती. घरी आणली आणि ती माझ्यावरच उलटली.

सासूबाई म्हणाल्या, "फोटूत काय न्हाय, रगतात काय न्हाय. मग दुखतंय कुठं? भाकरी थापायच्या वक्ताला बरं दुखतंय!"

दिसायला मी धडधाकट होते. रशीद मध्ये अडकायचे. आईपुढं बोलायचे नाहीत, आणि एकटी असले की विचारायचे, "खरं सांग, इथं तुला काही त्रास हाय का? माझा राग हाय का?" मनातलं काहीतरी अंगावर निघतंय असं त्यांना वाटायचं. मला अंगातलंच दुखत होतं. ते कसं पटवायचं, मला कळत नव्हतं.

झटका

शेवटी मी अब्बांकडं गेले. शेजारी बसायला सुमनला सोबत नेलं. अब्बांनी मला पालथं झोपवलं. पाठीच्या कण्यावरून त्यांचे अंगठे खाली यायला लागले.

"इथं?"

"व्हय."

"आनि इथं?"

"तिथंबी."

थोड्या वेळानं ते हसले. "बेटी, दुखत न्हाय असं कुठं हाय तेवढं सांग."

मग मला बसवलं, गुडघा टेकवला. ज्वारीचं विचारलं नाही, कारण मला ती युक्ती ठाऊक होती. "संस्थेचं कापड आलं का?" असं विचारलं. मी "परवा..." म्हणेपर्यंत कट्ट झालं.

यास्मीन, हे मी तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते. त्या झटक्यानं बरं वाटतं, हे खोटं नाही. पाठीतून कुणी ऊन पाणी सोडल्यासारखं वाटलं. घरी मी जवळजवळ पळतच गेले. भाकऱ्या थापल्या, धुणं धुतलं, धाकट्याला कडेवर घेऊन कारखान्याच्या रस्त्यापर्यंत फिरवून आणलं. सासूबाईंकडं बघून मला वाटलं, आता बोला.

दोन-तीन दिवसांत सगळं परत आलं. पहिल्यापेक्षा जास्तच, कारण अंगात आल्यासारखं काम केलं होतं.

परत गेले. परत कट्ट, परत हलकं, परत जड. मग दर जुम्म्याला जायचं ठरूनच गेलं. हळूहळू ते हलकं वाटणं आखडत चाललं. दोन दिवसांचा एक दिवस झाला, दिवसाची संध्याकाळ झाली. पुढं पुढं तर दाबलेल्या जागाच दुसऱ्या दिवशी ठणकायच्या. मी अब्बांना सांगायची गरज नव्हती. दारातून आत येतानाची माझी चाल बघूनच त्यांचा चेहरा उतरायचा.

गावात बोलणं सुरू झालं. आठवडी बाजारात एका माणसानं त्यांच्या तोंडावर म्हटलं, "वस्ताद, घरच्या पोरीलाच गुण येईना, आन आमी कशाच्या भरवशावर यावं?" त्याच दिवशी अब्बा माझ्या सासरी आले आणि मला नि सुमनला बोलावून घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी मान धरली.

आजवर त्यांनी माझ्या मानेला हात लावला नव्हता. त्यांनी हनुवटीखाली एक तळवा घातला, दुसरा डोक्यामागं, आणि वळवली. आवाज आला, आणि खोली फिरायला लागली. मला ओकारी झाली. डावा हात बधिर पडला, बोटं माझी नाहीतच असं वाटायला लागलं. सुमन ओरडली, "वस्ताद, हिला काय झालं?"

अब्बांनी मला आडवं केलं, चेहऱ्यावर पाणी मारलं, बोटं हलवायला लावली. "हालव. अंगठा हालव. आता करंगळी." उन्हं कलली तशी बोटांत जान आली. तोवर ते माझ्या उशाशी बसून होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले होते.

मला बोलता यायला लागल्यावर ते म्हणाले, "आता न्हाय."

"म्हणजे आज नाही ना, अब्बा?"

"कधीच न्हाय. तुझं हाड कधी सरकलंच न्हवतं, बेटी. सरकलेलं हाड एकदा बसलं की बसतं. लोकं पुन्हा पुन्हा येत न्हाईत माझ्याकडं. तू येत व्हतीस. तवाच मला कळाया पायजे व्हतं. आज म्या त्या बाजारातल्या मानसाला उत्तर द्यायला तुझी मान धरली."

साऱ्या तालुक्याच्या पाठी ज्या माणसानं ताठ केल्या, तो माझ्यापुढं मान खाली घालून बसला होता. मी त्यांचा हात मांडीखालून ओढून काढला आणि माझ्या हातात धरला. त्या दिवशी दुखत होतं खूप, पण त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही, नंतरही नाही.

सोलापूर

रशीदना कारखान्यात रजा मिळेना, गळीत हंगाम चालू होता. मग अब्बाच मला एसटीनं सोलापूरला घेऊन गेले. एका मोठ्या दवाखान्यात मला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं. पुरुषांना आत राहायला परवानगी नव्हती. अब्बांनी व्हरांड्यात घोंगडी टाकली.

दवाखान्याचा दिवस लवकर सुरू व्हायचा. सिस्टर येऊन चादरी ताणायला लावायच्या, काखेत थर्मामीटर, मग किटलीतला गोड चहा. मग डॉक्टरांच्या फेरीची वाट. फेरी झाली की दिवस संपल्यासारखाच. खिडकीतून मला अब्बा दिसायचे. साठीच्या पुढचा माणूस, रोज सकाळी व्हरांड्याच्या टोकाला बैठका मारायचा. दोन दिवसांत त्यांच्या मागं पेशंटच्या नातेवाइकांची रांग उभी राहिली, तेही बैठका मारायला लागले. सिस्टर म्हणाली, "हे पैलवान बाबा तुमचे का?" मी म्हटलं, "माझे." आजारी माणसाला असं काही सांगायला मिळणं मोठं औषध असतं.

शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक म्हातारी होती. तिला मराठी कमी, मला कानडी कमी. ती मला शेंगाची चटणी द्यायची आणि माझ्या पायांवर स्वतःचं जास्तीचं पांघरूण टाकायची. एके सकाळी तिला ऑपरेशनला नेलं. तिची खाट मोकळी झाली, आणि मला वाटायला लागलं. माझ्या पोटात, हाडात, कुठंतरी काहीतरी मोठं दुखणं असणार, आणि हे लोक सांगत नसणार. धाकटा अजून नीट बोलत नव्हता. त्याला माझा चेहरा तरी आठवेल का, हाच विचार डोक्यात घुमत राहिला. दुपारी म्हातारी परत आली, गुंगीतच माझ्याकडं बघून हसली, तेव्हा कुठं मी खाटेवर आडवी झाले.

डॉक्टरबाई तरुण होत्या. बोलायला कमी. सगळे रिपोर्ट बघून त्यांनी ते बाजूला ठेवले आणि मला म्हणाल्या, "आता कागद राहू देत. तुम्ही सांगा."

कुणी असं म्हटलंच नव्हतं आजवर. मी सांगत गेले. मग त्यांनी अंगठ्यानं एकेक जागा दाबायला सुरुवात केली. मानेखाली, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी दाबून थांबायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी ओरडले की मान हलवायच्या. मधूनच एखादी जागा अशी दाबायच्या की काहीच वाटायचं नाही. पडद्याबाहेर अब्बा उभे होते. माझं ओरडणं ऐकून त्यांच्या चपला करकरल्या, पण ते आत आले नाहीत.

मग बाईंनी त्यांना आत बोलावलं. आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोसायटिस. तेव्हा तसं म्हणायचे, फायब्रोमायल्जिया हे नाव नंतर रूढ झालं.

अब्बांनी विचारलं, "बाई, म्हंजे हिच्या जिवाला धोका हाय?"

"नाही."

"आन हे सोंग हाय? घरात तसं म्हनत्यात."

"बिलकूल नाही. हिला खरंच दुखतंय. का दुखतं ते आम्हालाही पक्कं माहीत नाही. पण अशा बायका माझ्याकडे येतात, आणि सगळ्या जणी हेच सांगतात."

अब्बांनी खाकरून घसा साफ केला. "बाई, एक सांगतो. म्या हाडं बसवायचं काम करतो. हिला दोन वर्षं बसवलं. मानबी वळवली."

मला वाटलं, आता बाई त्यांना काहीतरी लागट बोलणार. त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "मानेचं काय झालं, नीट सांगा." अब्बांनी सगळं सांगितलं, ओकारी, बधिर हात, काही लपवलं नाही. बाईंनी मान तपासली, डोळे तपासले, हाताची पकड बघितली आणि म्हणाल्या, "निभावलं. मानेतून डोक्याकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात, वस्ताद. त्यांना इजा झाली असती तर अर्धांगवायू झाला असता. परत नका धरू. पाठीचं म्हणाल तर तुमच्या हातानं तिला थोडा वेळ बरं वाटलं असेल. पण हा आजार मणक्याच्या जागेचा नाही. मणके तिचे जागच्या जागी आहेत."

"मग तुमी बरं करताल?"

"पूर्ण? नाही. माझ्याच्यानंही होणार नाही. पण तिला उभं राहता येईल, काम करता येईल, इतकं करता येईल. संध्याकाळी एक बारीकशी गोळी, झोप लागावी म्हणून. रोज चालायचं, थोडंच, पण रोज. शेक. आणि बरं वाटलं त्या दिवशी जास्त काम करायचं नाही, वाईट वाटलं त्या दिवशी अंथरुणात पडून राहायचं नाही."

अब्बा म्हणाले, "बाई, त्या जागा मला दाखवा. हिच्यासारखी दुसरी कुनी आली तर मला वळखता आली पायजे." आणि डॉक्टरबाईंनी त्यांचा अंगठा धरून एकेक जागा दाखवली.

सासूबाई

मुरुमला उतरल्यावर अब्बा मला घेऊन माझ्या सासरी आले. जावयाच्या दारात सहसा न बसणारा माणूस ओसरीवर बसला आणि माझ्या सासूबाईंना म्हणाला, "विहीणबाई, माझी पोरगी सोंग करत न्हवती. माझं औषध चुकलं व्हतं. दोन वर्षं म्या हाड हाड करत बसलो आन दुखणं दुसरंच निघालं. बोल लावायचा तर मला लावा."

सासूबाई पदर सावरून उभ्या होत्या. वस्ताद आपल्यापुढं असं बोलतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग आता करायचं काय, तेवढं सांगा."

त्या कधी माझ्याशी गोड बोलल्या नाहीत, पुढंही नाही. पण दुसऱ्या दिवशी चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून, माझ्या पाठीशी ठेवून गेल्या. पहाटेचं पीठ मळणं त्यांनी आपल्याकडं घेतलं, आणि बडबडत घेतलं. "म्हातारपनी माझंच नशीब" असं रोज म्हणायच्या आणि रोज मळायच्या. मला चालायला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून सोबत निघाल्या. बुरखा घालून दोघी उमरग्याच्या रस्त्यानं जायचो. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "सासूसुना रोज कुठं निघता?" त्या म्हणायच्या, "हिला चालवाया. डॉक्टरनं सांगितलंय." जणू मी घोडी होते.

रशीदांनी पाणी भरायला घेतलं. हापशावर बायकांच्या रांगेत कारखान्याचा फिटर कळशी घेऊन उभा राहिला की लोक हसायचे. एकदा ते चिडून घरी आले, कळशी आदळली आणि माझ्यावर ओरडले. मीही ओरडले. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कळशी जागेवर नव्हती. ते गेले होते रांगेत.

पत्र्याची खोली

संस्थेत जायला लागले तेव्हा माझ्या जागी दुसरं कुणी घ्यावं असं काही जणींनी बैठकीत मांडलं. त्यांचंही चुकलं नव्हतं. शाळा उघडायच्या आधी गणवेश द्यायचे होते, आणि सेक्रेटरी मशिनवर अर्धा तास बसली की पांढरी पडायची.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझ्याकडनं पायानं मशिन चालवणं होणार नाही. हे कधीच होणार नाही, असं धरून चला. पण सकाळच्या वेळी माझे हात चांगले चालतात. कापड बेतायचं आणि कापायचं काम माझ्याकडं द्या. आणि दोन पोरींना मी ते शिकवते, म्हणजे माझा वाईट दिवस असला तर काम अडणार नाही."

सुमन चेअरमनच्या खुर्चीतून म्हणाली, "माझ्या आईनं खडी फोडली तवा तिला कुनी इच्यारलं न्हाय की तुला काय जमतं आन काय जमत न्हाय. आपली संस्था आपुन कशापायी काढली? तेवढं इच्यारता यावं म्हनूनच ना?"

हात वर झाले. काही उशिरा वर झाले, पण झाले. त्या वर्षी शाळा उघडायच्या आत सगळे गणवेश गेले, आणि त्यातला प्रत्येक तुकडा माझ्या कात्रीखालून किंवा मी शिकवलेल्या पोरींच्या कात्रीखालून गेला होता. पहिल्या दिवशी पोरांच्या रांगा शाळेकडं जाताना मी आमच्या दारात खुर्ची टाकून बसले. खांदा ठणकत होता. मी उठले नाही. सगळी रांग जाईपर्यंत बघत बसले.

दुखणं गेलं का, असं विचारशील. नाही. आजही पाऊसपाण्याच्या दिवसांत, घरात लग्नकार्य झाल्यावर, ते येतं. पण आता मी त्याला ओळखते. येऊन राहून जातं.

तर यास्मीन, कायरोप्रॅक्टरकडं जायचं की नाही ते तू ठरव. आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. मानेला हात लावू देऊ नकोस, तो कितीही हुशार असला तरी. दोन दिवस हलकं वाटलं म्हणून बरी झाले समजू नकोस. आणि त्याला एकच प्रश्न विचार: तुमच्या हातानं होणार नाही असं कधी कुणाला सांगितलंय का? सांगितलं असेल तर बरा माणूस आहे.

ओसरी

माझ्या अब्बांनी सांगितलं. तेवढं लिहून थांबते.

सोलापूरहून आल्यानंतर काही वर्षांनी, मी माहेरी गेले होते तेव्हा, हद्दीवरच्या एका गावाहून जीप आली. मागच्या सीटवर विशीतली एक बाई, सोबत तिचा नवरा आणि दीर. ओसरीवर आणखी चार-पाच माणसं आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. अब्बा आता थकले होते, पण काम चालू होतं. बाईला आत आणलं, बाजेवर झोपवलं, चादर टाकली, मी शेजारी जमिनीवर बसले. अब्बांनी कण्यावरून अंगठे फिरवले. मग थांबले. मग खांद्याला गेले, कोपराला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, एकेक जागा दाबून थांबत. ती प्रत्येक वेळी दात ओठावर दाबायची. ओरडायची नाही. न ओरडायची सवय झालेली दिसत होती.

अब्बांनी हात काढून घेतले आणि बाहेर ओसरीवर गेले. दार उघडंच होतं, आम्हाला दोघींना सगळं ऐकू येत होतं.

"हिचं हाड जाग्यावर हाय," ते म्हणाले. "दुखणं खरं हाय, पर माझ्या हाताचं न्हाय. सोलापूरला डॉक्टरला दाखवा."

नवरा म्हणाला, "वस्ताद, लई लांबून आलोय. एकदा पाठ मोडून तरी द्या. तुमच्या हाताला गुण हाय म्हनत्यात सगळे."

"असंल. पर ह्या दुखण्याला न्हाय. माझ्या सोताच्या पोरीला हेच दुखणं झालं. दोन वर्षं मोडलं तिला, झालं न्हाय. उलट जिवावर बेतलं व्हतं. तुमच्या बायकोला म्या हात लावनार न्हाय."

चार माणसांदेखत बोलले ते. तालुक्यात त्यांच्या हाताचं नाव होतं, आणि त्यांनी ते नाव त्या अनोळखी पोरीसाठी सगळ्यांपुढं काढून बाजूला ठेवलं. दुष्काळात वाकलेल्या बायका ताठ करताना मी त्यांना पाहिलं होतं. पण त्या दिवशी ते मला त्याहून मोठे वाटले.

मग दारातून त्यांनी मला हाक मारली. "मेहरून, तिला सांग सगळं. चालायचं, शेकायचं, सगळं सांग. सासरच्यांना काय सांगायचं तेबी सांग."

ती चादरीखालून माझ्याकडं बघत होती. हळूच म्हणाली, "अक्का, तुमाला झालतं? हेच?"

"हेच," मी म्हटलं.

ती कोपरावर जोर देऊन उठली, बाजेवर जरा सरकली आणि मला बसायला जागा केली.